पाणसळ

डेक पाच. दार उघडलं की पलंग,
पलंग संपला की भिंत, भिंतीवर पडदा.
मी हौसेनं ओढला.
मागे पुन्हा भिंत.

अनुजानं तिकीट काढताना विचारलं होतं,
खिडकी नसली तर चालेल का, निम्म्यानं स्वस्त पडतं.
सर्जेराव म्हणाले, सव्वीस वर्षं टाक्यांच्या पोटात काढली,
मला कसली खिडकी.

खरंच होतं ते.
हिद्दच्या सुक्या गोदीत जहाज ठोकळ्यांवर चढवायचं,
खाली पाण्याचा थेंब नाही,
आणि हे आत उतरून पत्र्याला पत्रा डागणार.
सव्वीस वर्षं जहाजात,
समुद्रात एक दिवस नाही.

संध्याकाळी बंदर सुटलं तेव्हा कठड्याशी उभे होते.
"गोदी पाण्याकडून अशी दिसते होय,"
म्हणाले, आणि दाखवायला उचललेला हात
हळूच कठड्यावर ठेवला.

रात्री शमाल उठला.
आखाताचं पाणी उथळ,
लांब लाट त्याला जमत नाही,
आखूड आखूड चापट्या मारतं
दोन चापट्यांत श्वास मावू नये अशा.
अकराच्या सुमाराला सर्जेराव
न्हाणीच्या वीतभर उंच उंबऱ्यावर बसलेले.
असले उंबरे त्यांनी शेकड्यानं डागले असतील,
बसायची वेळ पहिल्यांदा आली.

मी आचऱ्याच्या गाबितांची पोर.
मला काही होत नव्हतं.
म्हणजे पोटात नव्हतं.
दिवा मालवला की असा काळोख
की आपला हात नाकाला लागेपर्यंत आपला वाटेना.
त्यांना लाटेचं, मला भिंतीचं.
त्या खोलीत दोन आजार एकदम मावत नव्हते,
एक आत असला की दुसऱ्यानं बाहेर
बोळात जाऊन उभं राहायचं.

बोळात रोनेल भेटला, खोल्या आवरणारा.
हिरवं सफरचंद दिलं, खारी बिस्किटं दिली.
मी डब्यातलं आमसूल काढलं.
सफरचंदाला त्यांनी मान फिरवली,
आमसूल गालात धरलं,
लहान मुलासारखं, डोळे मिटून.

"डोळे मिटू नका," मी म्हटलं.
बाबा होडीत सांगायचे,
खाली बगू नको गो, रेघेर नदर ठेव.
आभाळ आणि पाणी मिळतात ती रेघ.
ती मी इथे कुठून आणू?

मग पेला घेतला. अर्धा भरला.
टेबलाच्या कडेला ठेवला, त्यांच्या नजरेसमोर.
टेबल कललं, पेला कलला,
पाणी मात्र आपल्या मतावर ठाम.

बराच वेळ बघत राहिले.
ओल्या ओठांनी म्हणाले, "पाणसळ."
दोन तासांतला पहिला शब्द
जो ओकारी न होता बाहेर पडला.
मग कामावर असल्यासारखे बोलायला लागले:
दोन अंश. आता चार. आता परत दोन.
कोणीतरी चूक केली आहे
आणि उद्या ती दुरुस्त करायची आहे अशा आवाजात.
अंश मोजता मोजता घोरायला लागले.

माझी रेघ मला टीव्हीवर सापडली.
एक्केचाळीस नंबरला जहाजाच्या नाकावरचा कॅमेरा,
रात्रभर नुसतं काळं दाखवणारा.
काळ्यात लांब एक ज्वाला,
समुद्रातल्या कुठल्याशा विहिरीचा जळता वायू.
तिच्यावर नजर ठेवून बसले.
भिंती होत्या तिथेच होत्या.
पाचच्या पुढे काळ्याच्या खालच्या कडेला
राखाडी धागा ओढला कोणी.
त्यांना उठवलं नाही.

दोह्याच्या धक्क्यावर उतरलो तर
जमीन हलते म्हणून तेच थांबले,
माझ्या खांद्यावर हात टाकून, चारचौघांत,
लग्नातही टाकला नव्हता तसा.
"परतीला किती तास?"
"रात्रभर."
थोडं चालले. पुन्हा थांबले.
"त्या पोराला सांग,
पेला उचलू नको म्हणावं."